उधारी खरी असते, पण कोर्टात सिद्ध होते का? शाळा, बेंच आणि ३ लाख ८४ हजार रुपये

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा जे माझ्यासारखे डहाणू लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने मोबाईल वाचतात, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे "म्हणजे", "ॲक्च्युअली" झालं होतं ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.

आधीच सांगतो, मी वकील नाही. मी कोड लिहितो. पण गेलं वर्षभर घरातल्या एका केसमुळे मी जेवढे कायद्याचे कागद वाचले, तेवढी इंजिनीअरिंगची पुस्तकंही वाचली नसतील. त्यातून जे समजलं ते सांगतो. तुमच्या केसला तुमचा वकील लागेलच. मात्र वकिलाकडे जाताना पिशवीत काय न्यायचं, ते आज कळेल.

गोष्ट काय आहे

माझ्या मामांचं तारापूर एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वेल्डिंगची दोन मशीन, चार कामगार आणि एक कायम गळणारं पत्र्याचं छप्पर. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्याच भागातल्या एका खासगी शाळेने त्यांना ऑर्डर दिली. शाळेचं नाव सांगणार नाही, कारण केस चालू आहे. ऑर्डर होती १६० बेंच, एकाचा दर ३,६०० रुपये, आणि १२ लोखंडी कपाटं, एकाचा दर ८,००० रुपये. टॅक्स धरून एकूण ६ लाख ७२ हजार.

शाळेने सुरुवातीला अडीच लाख ॲडव्हान्स दिले. जून २०२२ मध्ये चार टेंपो फेऱ्यांत सगळा माल पोचला, शाळा सुरू झाली, मुलं बेंचवर बसली. मार्च २०२३ मध्ये शाळेने ३८ हजारांचा एक चेक दिला आणि तो वटला. त्यानंतर एक रुपया नाही. बाकी राहिले ३ लाख ८४ हजार.

मामा दर महिन्याला जायचे. "ॲडमिशन होऊ द्या", "ऑडिट होऊ द्या", "साहेब बाहेरगावी आहेत". तुम्ही कधी उधारी वसूल केली असेल तर हे डायलॉग तुम्हाला पाठ असतील. ऑगस्ट २०२५ मध्ये शाळेने शेवटी सांगितलं की तुमचं काही देणं लागत नाही, राहिलेली रक्कम रोख दिली आहे.

मामा घरी येऊन म्हणाले, "अरे, सगळ्या बोईसरला माहितीये पैसे बाकी आहेत." माझा आजचा एपिसोड या एका वाक्यावर आहे. सगळ्या बोईसरला माहीत असलं तरी कोर्टाला माहीत नसतं. कोर्टाला फक्त रेकॉर्डवर काय आहे ते दिसतं.

सिद्ध करायचं कोणी?

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे जुन्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. कलमांचे नंबर बदलले, गाभा तोच राहिला. कलम १०४ चं तत्त्व साधं आहे: जो म्हणतो अमुक घडलं आणि त्यावरून मला हक्क द्या, त्याने ते घडलं हे सिद्ध करायचं. याला पुराव्याचा भार म्हणतात.

म्हणजे मामांनी तीन गोष्टी दाखवायच्या. ऑर्डर होती, माल दिला, आणि किंमत इतकी ठरली होती.

पण शाळा जेव्हा म्हणते "पैसे दिले", तेव्हा ती एक नवीन गोष्ट सांगते, आणि ती सिद्ध करण्याचा भार शाळेवर येतो. पैसे मिळाले नाहीत हे मामा कसं दाखवणार? न घडलेल्या गोष्टीची पावती नसते. ज्याने दिले तो दाखवेल: व्हाउचर, पावती, कॅशबुक, बँकेतून रक्कम काढल्याची नोंद.

म्हणून समोरच्याने नेमकं काय नाकारलंय ते बारकाईने वाचायचं. दाव्याला प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो त्याला कैफियत म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार कैफियतीत एकेक मुद्दा नेमकेपणाने नाकारावा लागतो. गोलमोल उत्तर दिलं किंवा एखाद्या मुद्द्यावर गप्प बसलं, तर कोर्ट तो मुद्दा मान्य धरू शकतं. आणि मान्य झालेली गोष्ट पुन्हा सिद्ध करावी लागत नाही.

आमच्या केसमध्ये शाळेने लिहिलं की माल मिळाला, पण तो निकृष्ट होता, आणि तरीही उरलेली रक्कम रोखीने दिली. वकीलबाई हसल्या. माल मिळाला हे शाळेनेच लिहून दिलं, म्हणजे आमचं अर्धं काम झालं. राहिला निकृष्ट मालाचा मुद्दा. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम ४२ नुसार, माल घेऊन वाजवी मुदतीत नाकारल्याचं कळवलं नाही आणि तो ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. तीन वर्षं मुलं त्या बेंचवर बसली आणि तक्रारीचं एक पत्र नाही.

आणखी एक दिलासा. दिवाणी कोर्टात फौजदारीसारखं "संशयाला जागा नको" इतकं कडक माप नसतं. कोणाची बाजू जास्त संभवनीय वाटते ते पाहिलं जातं. शंभर टक्के लागत नाहीत, तराजू तुमच्याकडे झुकला पाहिजे.

मामांची डायरी का चालली नाही

मामांकडे लाल कव्हरची खिशातली डायरी आहे. त्यात लिहिलंय: "शाळा – बाकी ३,८४,०००". मामांचा तिच्यावर देवाइतका विश्वास. वकीलबाईंनी ती पाहिली आणि बाजूला ठेवली.

कारण साक्ष्य अधिनियमाचं कलम २८, जे जुन्या कायद्यात ३४ होतं. ते म्हणतं की धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशोबाच्या वहीतल्या नोंदी पुरावा म्हणून घेता येतात, पण तेवढ्यावरच कोणाच्या डोक्यावर देणं बसवता येत नाही. सोबत दुसरा आधार लागतो.

या नियमाची दोन उदाहरणं लक्षात ठेवा. पहिलं साठच्या दशकातलं, गौहाटी बँकेचं. बँकेने एका कर्जदाराच्या नावावर १० हजार रुपये दिल्याची नोंद दाखवली. कर्जदाराने नाकारलं. बँकेने खात्याच्या उताऱ्यापलीकडे काही आणलं नाही, आणि सुप्रीम कोर्टाने ती रक्कम मान्य केली नाही. विचार करा, बँकेचं खातंसुद्धा एकटं पुरलं नाही, तिथे मामांची डायरी काय पुरणार?

दुसरं उदाहरण जैन हवाला प्रकरणाचं. १९९८ मध्ये सीबीआय विरुद्ध व्ही. सी. शुक्ला या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुटे कागद म्हणजे हिशोबाची वही नव्हे, आणि वही असली तरी तिच्या नोंदींना स्वतंत्र आधार हवा.

स्वतःच्या वहीत स्वतःच्या फायद्याचं कोणीही लिहू शकतो. त्यामुळे पुरावा शोधताना मी एक साधा प्रश्न विचारायला लागलोय: हा कागद कोणी तयार केला? मामांनी केला असेल तर वजन कमी. तिसऱ्याने केला असेल तर जास्त. आणि समोरच्यानेच केला असेल तर सगळ्यात जास्त.

त्या चाळणीतून आमच्याकडे हे उरलं:

– चार डिलिव्हरी चलान. तीनवर शाळेच्या शिपायाची सही आणि शाळेचा शिक्का, चौथ्यावर काहीच नाही.

– चार ई-वे बिलं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल नेताना एका खेपेची किंमत १ लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. आमची प्रत्येक फेरी १ लाख ६८ हजारांची होती. माल पोचला हे त्यातून सिद्ध होत नाही, पण त्या दिवशी, त्या गाडीतून, त्या पत्त्यावर तो निघाला ही नोंद सरकारी पोर्टलवर आधीपासून आहे. बिनसहीच्या चौथ्या चलानाला त्याने आधार दिला.

– बँक स्टेटमेंट. ॲडव्हान्स आणि ३८ हजारांचा चेक.

– व्हॉट्सॲपवर शाळेच्या सचिवांचा मेसेज: "बेंच चांगले झालेत. बाकी पेमेंट ॲडमिशननंतर करतो."

तीन वर्षांचं घड्याळ

हा भाग वगळू नका, कारण इथे आमची केस जवळपास मेली होती.

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार उधार मालाची किंमत वसूल करायला साधारण तीन वर्षं मिळतात. उधारीची ठरावीक मुदत नसेल तर घड्याळ माल दिल्यापासून चालू. तीन वर्षं उलटली की समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी कोर्ट दावा फेटाळतं. तुमची उधारी खरी असली तरी.

मामांनी माल दिला जून २०२२ मध्ये. म्हणजे जून २०२५ ला मुदत संपली. आम्ही वकिलाकडे गेलो ऑगस्टमध्ये. मामांचा चेहरा मला अजून आठवतो.

मग वकीलबाईंनी तो ३८ हजारांचा चेक पाहिला. मुदत कायद्याचं कलम १९ म्हणतं की मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने काही रक्कम दिली, आणि ती दिल्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने असेल, तर त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मोजायची. चेकवर सही असतेच. मार्च २०२३ पासून नवीन घड्याळ सुरू झालं, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत वेळ मिळाला. तीच रक्कम रोख दिली असती तर आज हा एपिसोड वेगळा असता.

कलम १८ सुद्धा असंच आहे. मुदतीच्या आत देणेकऱ्याने सही करून लेखी मान्य केलं की देणं बाकी आहे, तर त्या तारखेपासून नवीन मुदत. मग व्हॉट्सॲपचा मेसेज? त्याला "सही केलेलं लेखी" म्हणायचं का, यावर समोरचा वकील वाद घालणारच. मुदत वाढवायला त्याच्यावर विसंबू नका. दरवर्षी ३१ मार्चला एका पानावर "आजअखेर तुमच्याकडून इतके येणे" असं लिहून समोरच्याची सही आणि शिक्का घ्या. दुकानदार लोक याला बाकीचा दाखला म्हणा, बॅलन्स कन्फर्मेशन म्हणा, पण घेतातच. आपण लाजतो. लाजू नका.

त्यांच्याच कपाटातला पुरावा

खासगी शाळा बहुतेक वेळा एखादा ट्रस्ट किंवा संस्था चालवते. महाराष्ट्रात असा सार्वजनिक ट्रस्ट १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेला असतो आणि त्याला हिशोबाचं ऑडिट करून ते तिथे सादर करावं लागतं. ताळेबंद ठरलेल्या नमुन्यात असतो, नियमांमधल्या परिशिष्ट आठमध्ये, आणि त्यात देणी दाखवायचा वेगळा रकाना असतो.

आता विचार करा. शाळेने मामांना पैसे "रोख दिले" असतील तर ताळेबंदात ते देणं गेलेलं असेल आणि कॅशबुकात खर्च दिसेल. दिले नसतील तर देणं अजून दिसत असेल. दोन्हीकडून उत्तर शाळेच्याच कागदात आहे. कंपन्यांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये बिशल जयस्वाल यांच्या केसमध्ये सांगितलं की ताळेबंदातली देण्याची नोंद ही देणं मान्य केल्याची नोंद ठरू शकते. अर्थात ऑडिटरचे शेरे आणि टिपाही सोबत वाचायच्या. ट्रस्टच्या बाबतीत तोच युक्तिवाद करायला तो मोठा आधार आहे.

शाळा कागद दाखवत नसेल तर? कोर्टाकडून ते हजर करण्याचा आदेश मागता येतो. तरीही दडवले, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ खाली कोर्ट असं धरू शकतं की ते कागद दाखवणाऱ्याच्या विरोधात गेले असते, म्हणूनच दाखवले नाहीत. मामांच्या केसमध्ये कॅशबुक मागायचा अर्ज केलाय. "रोख दिले" असं लिहिणाऱ्याला कॅशबुक दाखवायला अडचण नसावी, नाही का?

आणि हो, दावा "शाळेवर" लावून चालत नाही. शाळा म्हणजे एक इमारत आणि एक बोर्ड. दावा ट्रस्टींना पक्षकार करून, किंवा सोसायटी असेल तर तिच्या नियमात ठरलेल्या पदाधिकाऱ्याच्या नावाने लावावा लागतो. ट्रस्टी कोण आहेत ते धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीच्या उताऱ्यावरून कळतं. तो उतारा आधी काढा.

कोणी शाळेला माल नाही तर रोख कर्ज दिलं असेल, त्याने तर जास्तच सावध राहायचं. याच कायद्याच्या कलम ३६-अ नुसार ट्रस्टीला ट्रस्टसाठी कर्ज घ्यायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पैसे देण्याआधी ती परवानगी आणि ट्रस्टचा ठराव मागा. नाहीतर उद्या ट्रस्ट म्हणेल की ते त्या माणसाने स्वतःसाठी घेतले होते.

मोबाईल हा साक्षीदार आहे

आता माझ्या प्रांतात येऊ.

व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट काढून प्रिंट मारली म्हणजे पुरावा झाला, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात हे ६५-ब होतं.

या नियमावरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या भांडणातून आलाय. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर थोड्या मतांनी जिंकले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. वाद असा की उमेदवारी अर्ज दुपारी ३ वाजेपर्यंतच्या वेळेत भरला की नंतर. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. गोरंट्याल प्रमाणपत्र मागत राहिले, अधिकाऱ्यांनी दिलं नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जुलै २०२० मध्ये निकाल आला: मूळ उपकरण मालकाने स्वतः कोर्टात आणून दाखवलं तर प्रमाणपत्र नको, पण प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. मात्र तुम्ही सगळे प्रयत्न करूनही दुसऱ्याने ते दिलं नाही, तर त्याची शिक्षा तुम्हाला नाही.

नव्या कायद्यात या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाईल एसएचए-२५६ सारख्या अल्गोरिदममधून काढली की अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ मिळते. फाईलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. म्हणून आज काढलेली हॅश आणि दोन वर्षांनी कोर्टात काढलेली हॅश जुळली, तर मध्ये कोणी हात लावला नाही हे कळतं.

मी काय केलं ते सांगतो. मामांच्या फोनवर त्या चॅटचे "आपोआप गायब होणारे मेसेज" आधी बंद केले. संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट केली, फक्त सोयीचे मेसेज नाही. फाईलची हॅश काढून तारखेसह लिहून ठेवली. आणि मामांना बजावलं की हा फोन विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही, एक्स्चेंज ऑफर तर विसराच. तो फोन आता वर्कशॉपच्या कपाटात डबीत बंद आहे.

चेक बाउन्स झाला असेल तर

आमच्याकडे बाउन्स झालेला चेक नाही, पण तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. तिथे पुराव्याचा खेळ उलटा होतो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३९ नुसार चेक देण्यासाठीच दिला होता असं कोर्ट गृहीत धरतं. २०१० च्या रंगप्पा निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायदेशीर देणं होतं हेही त्यातच गृहीत धरायचं. ते खोडून काढायचं काम चेक देणाऱ्याचं.

पण तारखा पाळा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार.

दोन ताजे निकाल इथे उपयोगाचे. सप्टेंबर २०२५ मध्ये गोव्यातून गेलेल्या ६ लाखांच्या हातउसन्या रकमेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की २० हजारांच्या वरची रक्कम रोख दिली म्हणून ते देणं बेकायदा ठरत नाही. आयकर कायद्याचा दंड वेगळा. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओरायन एज्युकेशन ट्रस्ट या शिक्षण संस्थेशी संबंधित ५ कोटींच्या चेकच्या प्रकरणात सांगितलं की ट्रस्टला आरोपी केलं नसलं तरी ज्या ट्रस्टीने सही केली त्याच्यावर तक्रार चालते. शाळांशी व्यवहार करणाऱ्यांनी हा दुसरा निकाल लक्षात ठेवावा.

कोर्टात जाण्याआधीचा एक थांबा

मालविक्रीचा वाद आणि रक्कम ३ लाख किंवा जास्त, म्हणजे तो व्यावसायिक वाद. अशा दाव्यात, तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. कमर्शियल कोर्ट्स कायद्याचं कलम १२-अ. ऑगस्ट २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे सक्तीचं असल्याचं सांगितलं. न जाता दावा लावला तर तो फेटाळला जाऊ शकतो. मध्यस्थीत गेलेला वेळ मुदतीत मोजत नाहीत, ही चांगली गोष्ट.

आम्ही अर्ज केला. शाळेकडून कोणी आलं नाही. तसा अहवाल मिळाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये दावा दाखल झाला.

एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांसाठी एक दुसरा रस्ताही आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल. मामांनी उद्यम नोंदणी माल पोचवल्यानंतर केली होती, म्हणून वकीलबाईंनी तो धोका घेतला नाही. तुम्ही नोंदणी आज करा, ऑर्डर उद्या घ्या.

शिक्षक आणि पालकांसाठी

एपिसोडनंतर मेसेज येणार हे माहीत आहे म्हणून आधीच सांगतो.

खासगी शाळेतल्या शिक्षकाचा पगार थकला तर? १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला "कामगार" नाही. महाराष्ट्रात १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली शाळा न्यायाधिकरण आहे, पण तिथलं अपील बडतर्फी, पदावनती अशा गोष्टींसाठी. नुसत्या थकलेल्या पगारासाठी कोणता दरवाजा, ते वकिलाला विचारा. पुरावा मात्र कुठेही तोच: नेमणूकपत्र, हजेरीपट, बँक स्टेटमेंट. हजेरीपट शाळेकडे असतो, म्हणून तुमच्या सहीच्या पानाचा फोटो वेळोवेळी काढून ठेवा.

आणि पालक? शाळा म्हणते फी बाकी, तुम्ही म्हणता भरली. नियम उलटा होत नाही. फी किती ठरली होती हे शाळेने दाखवायचं, शाळेचं लेजर एकटं पुरणार नाही. पण "भरली" हे तुम्ही सिद्ध करायचं. म्हणून पावतीशिवाय काउंटर सोडायचं नाही, आणि यूपीआय करताना रिमार्कमध्ये मुलाची इयत्ता आणि "पहिली टर्म फी" एवढं लिहायचं. पाच सेकंदांचं काम आहे.

शेवटी

मामांची केस अजून चालू आहे. निकाल काय लागेल मला माहीत नाही. मागच्या तारखेला मी सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर पालघरला गेलो होतो. परत येताना रिक्षात ते म्हणाले, "पैसे मागताना कागद मागायला मला लाज वाटायची. वाटायचं, शाळा आहे, मुलांचं काम आहे, विश्वास ठेवावा."

विश्वास ठेवाच. धंदा विश्वासावरच चालतो. पण चलानावर सही घेणं म्हणजे अविश्वास नाही. ती सही दोघांचंही भांडण वाचवते.

तर आज झोपायच्या आधी एक काम करा. तुमचं किंवा तुमच्या आई-बाबांचं कोणाकडे येणं असेल, तर ते कधीपासून आहे ती तारीख शोधा आणि तिच्यात तीन वर्षं मिळवा. जी तारीख येईल ती मोबाईलच्या कॅलेंडरवर टाका, आणि रिमाइंडर सहा महिने आधीचा लावा.

मामांच्या केसमध्ये कॅशबुक आलं की पुढचा भाग करतो. तोपर्यंत हा एपिसोड अशा एका माणसाला पाठवा, जो म्हणतो की "सगळ्यांना माहितीये पैसे बाकी आहेत". भेटू या.